डिस्क किती भरली आणि नेमकी कुठे: नेटवर्क स्टोरेजवर ब्लॉकचा हिशेब देणारी साधनं शेजारी-शेजारी ठेवून

समजा, पाचशे जीबीची व्हर्च्युअल डिस्क (सर्व्हरच्या आत चालणाऱ्या आभासी मशीनची डिस्क) आहे आणि आतलं विंडोज सांगतंय की भरलेले नव्वद जीबी आहेत. ही डिस्क रत्नागिरीतून रात्री पुण्याला पाठवायची आहे. वीस एमबीपीएसचा अपलोड पूर्ण वेळ मिळाला असं धरलं, तर पाचशे जीबीला साधारण साठ तास लागतात आणि नव्वदला पावणेअकरा. म्हणजे एका बाजूला संध्याकाळी सातला लावून पहाटे सहाच्या आत संपणारं काम, आणि दुसऱ्या बाजूला सलग अडीच दिवस. त्या अडीच दिवसांत लाईट जायची नाही आणि घाटातली केबल तुटायची नाही. जूनमध्ये ही अट कोकणात कुणी गांभीर्याने घालेल असं वाटत नाही.

पण 'फक्त भरलेलं पाठव' असं म्हणायला आधी डिस्कचे कुठले ब्लॉक (ठरावीक मापाचे तुकडे) भरलेले आहेत ते कुणीतरी सांगायला हवं. डिस्क स्थानिक फाईलमध्ये असेल तर ते सोपं असतं. ती नेटवर्कपलीकडे, नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या डब्यावर) किंवा दुसऱ्या सर्व्हरवर असेल तर प्रश्न तारेतून जातो, उत्तर तारेतून येतं, आणि मधला प्रत्येक थर त्या उत्तराची थोडी माती करू शकतो. हा आढावा त्यासाठी आहे: केव्हीएम किंवा प्रॉक्समॉक्सवर (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणाऱ्या प्रणालींवर) दोन-चार मशीन चालवणारी पतसंस्था, दवाखाना, आंबा कॅनिंगचा किंवा काजूचा कारखाना, आणि त्यांचं काम सांभाळणारा एखादा माणूस. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेतले तळमजले पाण्याखाली गेले. बॅकअपची एक प्रत त्याच इमारतीबाहेर, शक्यतो घाटावर ठेवायची की नाही, हा वाद तेव्हापासून निदान त्या बाजूला तरी उरलेला नाही. उरलाय तो प्रत पाठवायची कशी हा प्रश्न.

'किती' विचारणारे आणि 'कुठे' विचारणारे

साधनांची पहिली वाटणी इथेच होते. ड्यू, एलव्हीएस, व्हर्शचं डॉमब्लॉकइन्फो ही आज्ञांची मंडळी एकच बेरीज देतात: इतकी जागा अडली आहे. एनबीडीइन्फो, क्यूएमू-आयएमजीचं मॅप, एसजी-गेट-एलबीए-स्टेटस ही तुकड्यांची यादी देतात: इथून इथपर्यंत भरलेलं, इथून पुढे मोकळं. सातबाऱ्यावर दोन एकर असतात, त्यातली लागवड दहा गुंठ्यांत असते आणि बाकी पोटखराबा. बेरीज देणारं साधन 'लागवड दहा गुंठे' एवढंच सांगतं, बांध कुठून कुठे जातो ते मोजणीचा नकाशाच दाखवतो.

पूल (अनेक व्हर्च्युअल डिस्क वाटून घेतात ती सामाईक जागा) भरत आलाय का, नवी डिस्क मागवायची का, यासाठी बेरीज पुरते. बॅकअप, स्थलांतर, दोन प्रतींची तुलना यासाठी नकाशा लागतो. अनेक जण पहिल्या कामासाठी नकाशा काढत बसतात आणि दुसऱ्यासाठी बेरजेवर विसंबतात, म्हणून हे आधी सांगितलं.

'डेटा' या उत्तराचं वजन

एनबीडी म्हणजे नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस. लिनक्समध्ये हा प्रोटोकॉल १९९७ पासून आहे आणि १०८०९ हा पोर्ट त्याच्या नावावर नोंदलेला आहे. त्यात ब्लॉक स्टेटस नावाची एक आज्ञा नंतर आली. क्लायंट आधी 'बेस:अॅलोकेशन' हा संदर्भ सर्व्हरशी ठरवून घेतो, मग डिस्कच्या एखाद्या पट्ट्याबद्दल विचारतो, आणि सर्व्हर प्रत्येक तुकड्यासाठी दोन बिट परत देतो. एक होलचा, एक झीरोचा. त्यातून चार उत्तरं निघतात:

| आकडा | एनबीडीइन्फो काय छापतं | त्याचा खरा अर्थ |
|---|---|---|
| ० | डेटा | भरलेलं आहे, किंवा सर्व्हरला ठरवता आलं नाही |
| १ | होल | जागा दिलेली नाही, पण वाचल्यावर काय येईल याची हमी नाही |
| २ | झीरो | वाचल्यावर शून्यच येतील, जागा मात्र अडलेली असू शकते |
| ३ | होल, झीरो | जागा दिलेली नाही, वाचल्यावर शून्य |

पहिली ओळ पुन्हा वाचा. शून्य हा आकडा 'इथे डेटा आहे' असं ठामपणे सांगत नाही. प्रोटोकॉलच्या नियमाप्रमाणे होलचा बिट नसणं म्हणजे 'जागा दिलेली आहे किंवा मला कळलं नाही', आणि झीरोचा बिट नसणं म्हणजे 'आत काय आहे ते माहीत नाही'. शपथेवर दिलेली साक्ष फक्त बिट लागलेला असताना. त्यामुळे सगळी डिस्क 'डेटा' दिसली तर डिस्क भरली असा निष्कर्ष काढू नका. सांगणाऱ्याला सांगता येत नसेल, ही शक्यता तेवढीच मोठी असते. ही गोष्ट एनबीडीपुरती नाही. पुढे आयस्कझी आणि एनएफएस या नेटवर्क स्टोरेजच्या दुसऱ्या दोन पद्धतींत तीच दिसेल, फक्त कपडे वेगळे.

दुसरं, दोन बिट दोन वेगळ्या माणसांसाठी आहेत. बॅकअप घेणाऱ्याने झीरोचा बिट बघावा: तिथे शून्यच आहेत, वाचू नको, पाठवू नको. जागेचा हिशेब ठेवणाऱ्याने होलचा: ती जागा पूलमधून गेली आहे का. क्यूकाऊ-२ फाईलमध्ये (केव्हीएममागचा मशीन चालवणारा प्रोग्राम क्यूएमू वापरतो ती डिस्क-फाईलची पद्धत) काही क्लस्टर, म्हणजे ठरावीक मापाचे तुकडे, असे असतात की जागा धरून ठेवलेली असते पण ते शून्य वाचले जातात. असा तुकडा बॅकअपमध्ये मोकळा आणि जागेच्या हिशेबात भरलेला. एकाच डिस्कसाठी दोन अहवालांत दोन आकडे आले, तर भांडण्याआधी कोण कुठला बिट मोजतोय ते बघावं.

एनबीडीइन्फो की क्यूएमू-आयएमजी मॅप

खरी निवड बहुतेकांसाठी या दोघांतच आहे, म्हणून इथे थोडा मुक्काम.

एनबीडीइन्फो हे लिबएनबीडी या संचातलं छोटं साधन. त्याला एनबीडीचा पत्ता द्यायचा आणि मॅप हा पर्याय लावायचा. चार रकाने येतात: कुठून सुरू, किती लांब, वरच्या तक्त्यातला आकडा, आणि त्याचं नाव. सगळं बाइटमध्ये. टोटल्स पर्याय जोडला की तुकड्यांची यादी जाऊन प्रत्येक प्रकाराची बेरीज आणि टक्केवारी येते. आपल्या पाचशे जीबीच्या डिस्कचं उत्तर साधारण असं दिसेल:

९६६३६७६४१६०   १८.०%   ०   डेटा
४४०२३४१४७८४०   ८२.०%   ३   होल, झीरो

महिन्याच्या अहवालात चिकटवायला याहून सुटसुटीत काही मला माहीत नाही. संचालक मंडळापुढे ठेवायच्या कागदावर या दोन ओळी पुरतात. यंत्राला वाचायचं असेल तर जेसनही मिळतं.

क्यूएमू-आयएमजी मॅपचा आवाका मोठा. ते थेट फाईल उघडतं, एनबीडीचा पत्ता घेतं, आयस्कझीचा घेतं. साध्या छापील रूपात मात्र ते कामाला येत नाही: भरलेले पट्टे तेवढे दाखवतं, मोकळे गाळतं, आणि फाईलमध्ये कॉम्प्रेस केलेले किंवा एन्क्रिप्ट केलेले क्लस्टर असतील तर सरळ नकार देतं. जेसन रूप मागा. त्यात प्रत्येक तुकड्याला सुरुवात, लांबी, डेप्थ, झीरो, डेटा अशी वेगवेगळी खूण असते. यातली डेप्थ मोलाची. मूळ इमेजवर स्नॅपशॉटचे (एकेका क्षणी गोठवलेल्या स्थितीचे) दोन-तीन थर चढले असतील, तर हा तुकडा वरच्या थरातला की खालच्या, ते त्यातून कळतं. एनबीडीतून हीच माहिती हवी असेल तर क्यूएमू-एनबीडी चालवताना अॅलोकेशन-डेप्थ हा पर्याय द्यावा लागतो, आणि एनबीडीइन्फोला मॅपसोबत 'क्यूएमू:अॅलोकेशन-डेप्थ' हा संदर्भ सांगावा लागतो. जमतं, पण आठवणीने करावं लागतं.

आता माझ्या मते निवड ठरवणारा फरक. समोरचा एनबीडी सर्व्हर ब्लॉक स्टेटस देतच नसेल, तर एनबीडीइन्फो मॅप काढायला नकार देतं आणि कारण सांगतं. क्यूएमू-आयएमजी काहीच बोलत नाही; सगळी डिस्क डेटा आहे असं धरून चालतं. कॉपी करताना हे वागणं बरोबरच आहे, माहिती नसेल तर सगळं उचलणं सुरक्षित. पण अहवाल काढताना 'शंभर टक्के भरलेलं' आणि 'मला माहीत नाही' या दोन्हींना एकच उत्तर मिळतं. रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हे फार धोक्याचं, कारण सकाळी आकडा बघणाऱ्याला काही बिघडलंय असं वाटतच नाही. म्हणून बघण्यासाठी आणि अहवालासाठी एनबीडीइन्फो. थरांची चौकशी आणि स्थानिक फाईल यांसाठी क्यूएमू-आयएमजी. एकच ठेवायचं म्हटलं तर एनबीडीइन्फो ठेवा. नुसता पत्ता देऊन मॅपविना चालवलंत तरी सर्व्हर कुठले संदर्भ देतो त्याची यादी ते छापतं. तिथे 'बेस:अॅलोकेशन' नसेल तर पुढची मेहनत वाचली.

एक आडवळण इथेच. काही जण एनबीडीची डिस्क एनबीडी-क्लायंटने कर्नलमध्ये जोडतात आणि मग त्या डिव्हाइसवर साधनं चालवतात. तसं केलं की ब्लॉक स्टेटस तिथेच संपलं. लिनक्स कर्नलचा एनबीडी ड्रायव्हर ही आज्ञा सर्व्हरला विचारतच नाही. माउंट करून फाईल काढायची असेल तर हा मार्ग ठीक. नकाशा हवा असेल तर थेट पत्ता वापरणारं साधनच हवं.

डिस्क एलव्हीएम-थिनवर असेल तर

प्रॉक्समॉक्सच्या नेहमीच्या मांडणीत व्हर्च्युअल डिस्क फाईलमध्ये नसतात, लोकल-एलव्हीएम नावाच्या स्टोरेजमागच्या थिन पूलमध्ये (लिहिलं तेव्हाच जागा देणाऱ्या पूलमध्ये) असतात. इथे वरचं सगळं कौतुक थंड पडतं. क्यूएमू रॉ फाईलमधले (डिस्क जशीच्या तशी ठेवलेल्या फाईलमधले) होल ओळखायला फाईलसिस्टिमला सीक-होल आणि सीक-डेटा ('पुढचं होल कुठे, पुढचा डेटा कुठे') विचारतं. ब्लॉक डिव्हाइसला हाच प्रश्न विचारला तर उत्तर येतं: सुरुवातीपासून शेवटपर्यंत डेटा. थिन पूलला खरं काय ते माहीत असतं, ते वर पोचत नाही. मॅप काढा, पाचशेच्या पाचशे भरलेले दिसतील.

बेरीज हवी असेल तर एलव्हीएस बघा. डेटा टक्के आणि मेटा टक्के हे दोन रकाने. दोन्ही म्हणजे दोन्ही. मेटाडेटा भरला तरी पूल तितकाच अडकतो, आणि बहुतेकांची नजर पहिल्या रकान्यावरच थांबते. पूल पूर्ण भरला की लिनक्स नेहमीच्या सेटिंगला साठ सेकंद लिखाण थोपवून धरतं आणि नंतर आतल्या मशीनला एरर देतं. साठ सेकंदांत पूल वाढवायला कुणी जागं नसतं. नव्वद टक्क्यांचा इशारा मोबाइलवर येईल अशी सोय आधी करा, नकाशाचं नंतर.

दोन स्नॅपशॉटमधला फरक हवा असेल तर थिन-डेल्टा हे साधन पूलचा मेटाडेटा वाचून तो काढतं. चालू पूलवर आधी मेटाडेटाचा स्नॅपशॉट राखून घ्यावा लागतो. ज्यांना हे वाक्य वाचून कंटाळा आला त्यांनी त्या वाटेला जाऊ नये. हे मनापासून सांगतो.

सुदैवाने नकाशा नसला तरी एलव्हीएमवर काम अडत नाही. क्यूएमू-आयएमजी कन्व्हर्ट आणि एनबीडीकॉपी दोन्ही वाचता वाचता शून्यांचे पट्टे ओळखतात आणि पुढे लिहीत नाहीत. थिनमधली न दिलेली जागा शून्यच वाचली जाते. म्हणजे किंमत काय, तर पाचशे जीबी स्थानिक डिस्कवरून वाचणं. सेकंदाला दीडशे एमबी धरले तर तासाभराचं काम. मात्र ही ओळख सर्व्हरच्या बाजूला व्हायला हवी. कॉपीचं साधन पुण्यात चालवून तिथून रत्नागिरीची डिस्क एनबीडीने वाचलीत, तर शून्यंसुद्धा तारेतूनच जातील आणि पोचल्यावर टाकून दिली जातील. साठ तास परत आले.

नॅस आणि एनएफएस

छोट्या ऑफिसांत नॅस बहुधा एनएफएसने जोडलेला असतो. इथे आवृत्तीवर सगळं ठरतं. फाईलमधले होल विचारायची सीक ही क्रिया एनएफएसच्या ४.२ आवृत्तीत आली. तिचा दस्तऐवज, आरएफसी ७८६२, नोव्हेंबर २०१६ चा आहे. जोडणी ३, ४.० किंवा ४.१ वर झाली असेल तर सीक-होल विचारूनही उत्तर येतं ते 'सगळी फाईल डेटा' असं. एरर येत नाही. होल पाडून जागा परत द्यायची क्रियाही ४.२ चीच, त्यामुळे जुन्या जोडणीवर आतून केलेला ट्रिम ('ही जागा आता मोकळी' ही सूचना) रॉ फाईलला लहान करू शकत नाही.

ड्यू मात्र जुन्या आवृत्तीवरही खरं सांगतो, कारण फाईलने किती जागा खाल्ली ही बेरीज एनएफएस पहिल्यापासून वेगळी पाठवतो. यातून एक स्वस्त तपासणी मिळते. ड्यू साठ जीबी म्हणतोय आणि मॅप पाचशे जीबी डेटा दाखवतोय, तर मॅपवर विश्वास ठेवू नका. मधला थर गप्प बसलाय. एनएफएसस्टॅटला एम पर्याय देऊन जोडणीची आवृत्ती बघा. कित्येकदा नॅस ४.२ देऊ शकतो पण एफएसटॅब या जोडण्यांच्या फाईलमध्ये कुणीतरी पूर्वी ३ लिहून ठेवलेलं असतं.

फाइलफ्रॅग एनएफएसवर चालत नाही, त्याचा नाद सोडा. एक्सएफएस-आयओ या साधनाची सीक आज्ञा चालते. नावात एक्सएफएस असलं तरी दुसऱ्या फाईलसिस्टिमवरही ती वापरता येते.

आणि या सगळ्यातून सुटायचा एक सोपा मार्ग: नॅसवर रॉ ऐवजी क्यूकाऊ-२ ठेवा. कुठला क्लस्टर कुठे आहे याचे तक्ते ती फाईल स्वतःच्या पोटात बाळगते, नेहमीच्या सेटिंगला ६४ केबीच्या क्लस्टरने. खालचा एनएफएस ३ असो की ४.२, क्यूएमूला नकाशा मिळतो. रॉ थोडी चपळ असते हे खरं, पण पतसंस्थेच्या सर्व्हरवर तो फरक कुणाला जाणवेल असं वाटत नाही. नकाशा नसल्याचा फरक बॅकअपच्या रात्री जाणवतो.

विंडोजच्या शेअरवर फाईल असेल तर एफएसयुटिलच्या स्पार्स विभागात क्वेरीरेंज ही आज्ञा भरलेले पट्टे दाखवते. एखाद-दुसऱ्या फाईलसाठी ठीक आहे, त्यावर रोजचा अहवाल बांधू नका.

आयस्कझी

पुण्या-मुंबईहून येणारा विक्रेता बहुधा आयस्कझीचा बॉक्स (नेटवर्कवरून आख्खी डिस्क देणारा) सुचवतो. बॉक्स चांगलाही असेल. पण आपल्या प्रश्नाला आयस्कझीकडे उत्तर थोडं दूरचं आहे. स्कझीच्या आज्ञावलीत गेट एलबीए स्टेटस नावाची आज्ञा आहे, आणि एसजी३-युटिल्स संचातलं एसजी-गेट-एलबीए-स्टेटस ती पाठवतं. उत्तरात मुख्यतः तीन अवस्था येतात: मॅप्ड, डीअॅलोकेटेड, अँकर्ड. यातली मॅप्ड म्हणजे 'मॅप केलेलं आहे किंवा अवस्था माहीत नाही'. पुन्हा तीच गोष्ट, नकाराची हमी आणि होकाराचा संशय.

अडचण अशी की टार्गेटने (डिस्क देणाऱ्या बॉक्सने) ही आज्ञा पाळलीच पाहिजे असं नाही, आणि पाळली तरी लिनक्समध्ये लॉगिन करून मिळालेल्या डिस्कवर सीक-होल विचारलं तर ती माहिती वर येत नाही. क्यूएमू स्वतःच्या आयस्कझी ड्रायव्हरने थेट पत्ता उघडतं तेव्हा मात्र ही आज्ञा विचारतं, त्यामुळे क्यूएमू-आयएमजी मॅप तिथे कर्नलच्या डिस्कपेक्षा जास्त सांगू शकतं. बॉक्स घ्यायच्या आधी विक्रेत्याला एकच विचारा: या टार्गेटवर एसजी-गेट-एलबीए-स्टेटस चालवून दाखवाल का? उत्तर टोलवलं गेलं तर ब्लॉकचा नकाशा या बॉक्सकडून मिळणार नाही असं धरूनच किंमत ठरवा. बॉक्सच्या स्वतःच्या वेबपानावर दिसणारी बेरीज असतेच, ती पूलच्या इशाऱ्यापुरती वापरता येते.

सेफ (Ceph, अनेक सर्व्हरवर पसरलेलं स्टोरेज) वापरणाऱ्यांसाठी एक ओळ: आरबीडीचं डिफ भरलेले तुकडे सांगतं, आरबीडी ड्यू बेरीज, आणि फास्ट-डिफ सुरू नसेल तर दोन्ही रखडतात. तीन नोडचा सेफ चालवणाऱ्याला हा लेख लागणार नाही.

चालू मशीनचं काय

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मशीन चालू असताना तिच्या क्यूकाऊ-२ फाईलवर क्यूएमू-आयएमजी चालवलं तर लॉक मिळत नाही म्हणून ते थांबतं. त्यावर जबरदस्तीचा यू पर्याय आहे, आणि तो वापरायची सवय पटकन लागते. पण चालू मशीनचे तक्ते त्या क्षणी मेमरीत बदलत असतात. फाईलमधून वाचलेला नकाशा शिळा असू शकतो. नजर टाकायला ठीक, त्यावर बॅकअप बेतायचा नाही.

बरोबर मार्ग म्हणजे चालू क्यूएमूलाच डिस्क एनबीडीवर उघडी करायला सांगणं. लिबव्हर्टमध्ये (मशीन सांभाळणाऱ्या थरात) व्हर्शची बॅकअप-बिगिन ही आज्ञा 'पुल' म्हणजे ओढून घ्यायच्या प्रकारात नेमकं तेच करते: त्या क्षणाची गोठवलेली डिस्क एनबीडीवर देते, आणि मशीन इकडे चालू राहतं. मग एनबीडीइन्फो त्यावर निश्चिंतपणे चालवा. नुसती बेरीज हवी असेल तर डॉमब्लॉकइन्फो पुरे. कपॅसिटी, अॅलोकेशन, फिजिकल असे तीन आकडे, मशीनला हातही न लावता.

याच वाटेने दुसरा, जास्त कामाचा नकाशा मिळतो: डर्टी बिटमॅप. मागच्या बॅकअपनंतर कुठले ब्लॉक बदलले याची नोंद क्यूएमू ठेवतं आणि एनबीडीवर 'क्यूएमू:डर्टी-बिटमॅप' या संदर्भाने देतं. एनबीडीइन्फोला तो संदर्भ सांगितला की क्लीन आणि डर्टी असे तुकडे छापले जातात. पहिली प्रत एकदा पूर्ण पोचली (तिच्यासाठी डिस्क उचलून गाडीने पुण्याला नेली तरी कुणी हसणार नाही) की पुढे रोज फक्त डर्टी तुकडे पाठवायचे. रोज नव्वद जीबी पाठवायची गरजच संपते. आयस्कझी किंवा एनएफएसच्या आज्ञांमध्ये याला थेट जोड नाही, आणि पावसाळी लाईनवर काम करणाऱ्याने एनबीडीची बाजू घेण्याचं माझं मुख्य कारण हेच आहे.

एनबीडीबद्दल सावधगिरीचं एक: टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) लावलं नाही तर त्याला ना कुलूप ना पडदा. १०८०९ पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवणं म्हणजे खातेदारांची माहिती चव्हाट्यावर मांडणं. त्याच मशीनवर युनिक्स सॉकेट वापरा, आणि बाहेर जायचंच असेल तर वायरगार्ड किंवा एसएसएचच्या बोगद्यातून. नकाशा काढणंही डिस्कच्या जवळच व्हावं. मूळ प्रोटोकॉलमध्ये एका प्रश्नात चार जीबीहून कमीच पट्टा विचारता येतो (नव्या क्यूएमू-लिबएनबीडीत ६४ बिटची सोय आली आहे), आणि तुकडे बारीक असतील तर प्रश्नोत्तरांच्या फेऱ्या वाढतात. घाटापलीकडून मोबाइलच्या नेटवर त्या फेऱ्या मारण्यात अर्थ नाही.

कुणी काय घ्यावं

केव्हीएम आणि फाईलमधल्या क्यूकाऊ-२ डिस्क असतील, मग त्या स्थानिक असोत की नॅसवर, तर एनबीडीइन्फो आणि बॅकअप-बिगिन ही जोडी घ्या. प्रॉक्समॉक्स एलव्हीएम-थिनवर असाल तर नकाशाचा आग्रह सोडा, एलव्हीएसचा इशारा लावा, आणि शून्यं गाळणारी कॉपी सर्व्हरच्याच बाजूला चालवा. किंवा पुढच्या वेळी डिस्क फाईलमध्ये ठेवा. नॅसवर रॉ फाईल असेल तर आधी जोडणीची आवृत्ती, मग साधन. आयस्कझी आधीच घेतला असेल तर तो चालू द्या, पण बॅकअप क्यूएमूच्या बाजूने घ्या, बॉक्सच्या बाजूने नको. फक्त पूल भरतोय का एवढीच काळजी असेल तर यातलं काहीच नको. ड्यू, एलव्हीएस आणि एक एसएमएस.

निवडलेलं साधन खरं बोलतं का हे कामाला लावण्याआधी तपासता येतं. शनिवारी दुपारी, बिनमहत्त्वाच्या मशीनवर. टोटल्स काढून ठेवा. आत जाऊन रँडम डेटाची दहा जीबीची फाईल लिहा, सिंक करा, पुन्हा टोटल्स काढा. डेटा सुमारे दहा जीबीने वाढायला हवा. आधीच शंभर टक्के दिसत असेल किंवा काहीच हललं नसेल, तर मधला कुठला तरी थर गप्प आहे, आणि ते साधन तुमच्या मांडणीत नकाशासाठी निरुपयोगी. वाढला असेल तर फाईल पुसा आणि तिसऱ्यांदा काढा. आकडा बहुधा लगेच खाली येणार नाही. फाईलसिस्टिमने पुसलं म्हणून खालच्या डिस्कला ते आपोआप कळतंच असं नाही. आता लिनक्समध्ये एफएसट्रिम चालवा, विंडोजमध्ये ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज, आणि चौथा आकडा बघा. तो पहिल्याच्या जवळ आला नाही तर साधनाला दोष देऊ नका. व्हर्च्युअल डिस्कच्या सेटिंगमध्ये डिस्कार्ड (ट्रिमची सूचना खाली पोचवणारा पर्याय) बंद असेल, ते सुरू करून मशीन पूर्ण बंद करा आणि परत चालू करा. नुसतं आतून रीस्टार्ट केल्याने ते लागू होत नाही.